यंत्राची शकावली

संगणकाच्या काळ्या पडद्यावर ‘अपटाइम’ एवढा एकच शब्द टंकून कळ दाबिली, कीं तो तत्काळ उत्तर देतो: आतां किती वाजले, आपण किती दिवस व किती तास अखंड चालू आहों, या घटकेला कितीजण आपणाकडून काम घेत आहेत आणि कामाचा भार कितपत आहे. एका ओळींत एवढें सांगणारा हा चाकर मोठा आज्ञाधारक खराच. परंतु त्यासच जर आम्हीं पुढें विचारिलें, कीं ‘बाबा रे, तूं तीन दिवसांपूर्वीं जागा झालास हें समजलें, पण त्याआधीं किती वेळ निजला होतास, आणि निजला होतास कीं मूर्च्छा येऊन पडला होतास?’ तर या एका शब्दाचें ज्ञान तेथें संपतें. जागेपणाचा हिशेब जागा असलेला कोणीही देईल. निद्रेचा हिशेब कोणीं ठेवावा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. तो सोडविण्याचे जे प्रयत्न गेल्या पाऊणशें वर्षांत झाले त्यांचा इतिहास लहान असला तरी बोधप्रद आहे, आणि त्यांतील एका प्रकरणीं २८ माणसांचे प्राण गेले आहेत. म्हणून तो वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभींच्या संगणकांचा इतिहास माणसेंच लिहीत असत. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें बांधिलेला व १९४६ सालच्या फेब्रुवारींत लोकांपुढें आलेला एनिॲक हा संगणक सुमारें १८,००० निर्वात नळ्यांवर चालत असे. इतक्या नळ्यांपैकीं एकही न जळतां दिवस गेला, तर तो भाग्याचा समजावयाचा. १९५४ सालीं हें यंत्र एकदां ११६ तास, म्हणजे पांच दिवसांस थोडें कमी, बिनबिघाड चाललें, आणि तोच त्याचा उच्चांक ठरला. पुढें २ ऑक्टोबर १९५५ रोजीं रात्रीं पावणेबारा वाजतां त्याचा विद्युत्प्रवाह कायमचा तोडण्यांत आला. हे आंकडे आज आपणांस मिळतात ते एनिॲकनें सांगितले म्हणून नव्हे, तर शेजारीं असलेल्या माणसांनीं ते टिपून ठेविले म्हणून. हार्वर्ड विद्यापीठांतील मार्क टू या यंत्राची नोंदवही अशीच प्रसिद्ध आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं त्या यंत्राच्या ७० क्रमांकाच्या रिलेंत एक पतंग सांपडला. चालकांनीं तो चिकटपट्टीनें वहींत डकवून वेळेसह त्याची नोंद केली. ती वही पतंगासह वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहांत आहे. यंत्र मुकें होतें. पण त्याच्या उशाशीं बसून लिहिणारा माणूस जागा होता. त्यामुळें यंत्र बंद पडलें तरी त्याचा इतिहास बंद पडत नसे.

पुढें एकाच यंत्रावर अनेक माणसें आपापल्या टंकयंत्रांवरून एकाच वेळीं कामें करूं लागलीं. तेव्हां कोण केव्हां आला व केव्हां गेला, हें माणसानें वहींत लिहीत बसणें अशक्य झालें. १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं ज्या युनिक्स प्रणालीचा पाया घातला, तिनें हें कारकुनी काम यंत्राकडेच सोंपविलें. नोव्हेंबर १९७१ मध्यें तिची पहिली मार्गदर्शिका निघाली. ‘डब्ल्यूटीएमपी’ या नांवाची वही तींत आलेलीच आहे. या वहीची १९७९ च्या सातव्या आवृत्तींतील रचना पाहण्यासारखी आहे. माणूस आला कीं त्याचें नांव, टर्मिनलचें नांव व वेळ यांची एक नोंद पडे. नांवाची जागा रिकामी असेल तर त्या टर्मिनलवरील माणूस गेला असें समजावयाचें. टर्मिनलच्या नांवाच्या जागीं एक नागमोडी रेघ असेल, तर त्या वेळीं सबंध यंत्रच नव्यानें सुरू झालें. आणि कोणीं घड्याळ मागेंपुढें केलें, तर बदलापूर्वींची व बदलानंतरची वेळ अशा दोन नोंदी लागोपाठ होत, म्हणजे काळाच्या हिशेबांत झालेली ढवळाढवळही लपून राहत नसे. मात्र एक मेख होती. नोंद करणारे कार्यक्रम ही वही स्वतः कधींच उघडीत नसत. ती कोणीं काढून टाकिली, तर नोंदी मुकाट्यानें थांबत. दप्तरदार जागेवर असे. पण त्याच्या हातीं वही देणारा कोणी तरी लागे.

ही वही वाचून दाखविणारी ‘लास्ट’ ही आज्ञा व आरंभीं सांगितलेली ‘अपटाइम’ ही आज्ञा, या दोन्ही कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील युनिक्समधून प्रचारांत आल्या. ‘लास्ट’च्या पुढें ‘रीबूट’ हा शब्द लिहिला कीं यंत्र आजवर केव्हां केव्हां सुरू झालें त्याची यादी उलट्या क्रमानें पुढें येते. या दोन आज्ञांतील भेद आमच्या वाचकांस बखर व शकावली यांच्या उदाहरणानें चटकन् समजेल. बखरकार सिंहासनावर असलेल्या राजाचें वैभव सांगतो. शकावलीकार अमुक दिवशीं अमुक झालें एवढेंच लिहितो, पण राजा बदलला तरी त्याची लेखणी थांबत नाहीं. ‘अपटाइम’ ही चालू कारकीर्दीची बखर होय. यंत्र बंद पडलें कीं ती शून्यावर येते आणि मागच्या कारकीर्दीचा मागमूसही ठेवीत नाहीं. ‘डब्ल्यूटीएमपी’ ही शकावली होय.

परंतु शकावलींतही एक नोंद यंत्रास कधींच लिहितां येत नाहीं, ती स्वतःच्या आकस्मिक मरणाची. रीतसर निरोप घेऊन यंत्र बंद केलें, तर जातां जातां तें तशी नोंद करितें. पण वीज गेली, कीं लेखणी हातांतच राहते. पुन्हां वीज आली म्हणजे यंत्र उठतें व ‘सुरू झालों’ एवढेंच लिहितें. मग ‘लास्ट’ ही आज्ञा वही चाळून पाहते. आलेल्या माणसाच्या जाण्याची नोंद नाहीं आणि मध्येंच यंत्र नव्यानें सुरू झाल्याची नोंद आहे असें आढळलें, म्हणजे ती त्या माणसाच्या नांवापुढें ‘क्रॅश’ असा शेरा मारिते. हा शेरा साक्षीदाराचा नव्हे, अनुमानाचा आहे. बंद काळाचा शेवट नक्की ठाऊक असतो. आरंभ मात्र शेवटच्या नोंदीनंतर केव्हां तरी, इतकेंच सांगतां येतें. इतिहाससंशोधकास हें अपरिचित नाहीं. दोन तारखांमधील कोऱ्या जागेंत काय घडलें असावें हें ठरविण्यांतच त्याचें निम्में आयुष्य जातें.

ही शकावली हातीं असतांही लोकांचें प्रेम बखरीवरच जडलें. आपलें यंत्र वर्षानुवर्षें बंद पडलें नाहीं, हें सांगण्यांत यंत्रचालकांस भूषण वाटूं लागलें. परंतु मोजणाऱ्याची मापटी केवढी आहे, इकडे फारसें कोणाचें लक्ष नव्हतें. जुन्या लिनक्समध्यें काळ सेकंदाच्या शंभराव्या भागानें मोजीत आणि तो आंकडा ३२ द्विमान अंकांत ठेवीत. त्यांत ४,२९,४९,६७,२९६ हून अधिक ठोके मावत नाहींत. म्हणजे ४९७ दिवस व सुमारें अडीच तास झाले, कीं मापटें भरून पुन्हां शून्य. दीड वर्षाच्या घरांत अखंड चाललेलें यंत्र एकाएकीं आपण नुकतेंच जन्मलों असें सांगूं लागे. हाच आंकडा सेकंदाच्या हजाराव्या भागानें मोजिला तर ४९.७ दिवस येतात. विंडोज ९५ व विंडोज ९८ या प्रणाली तितक्या दिवसांनीं गोठूं शकत, असें १९९९ सालीं उघड झालें. २०१५ सालीं तर अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनानें बोइंग ७८७ विमानांविषयीं हुकूम काढिला, कीं विमानांतील विद्युज्जनित्रांचीं नियंत्रकयंत्रें २४८ दिवस अखंड चालू राहिल्यास सर्व जनित्रें एकदम बंद पडण्याचा संभव आहे. सबब त्यांची वीज मधून मधून तोडीत जावी. येथें दीर्घायुष्य हाच दोष झाला.

याहून दुःखद प्रकरण आखाती युद्धांतील आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजीं सौदी अरेबियांत धाहरान येथें अमेरिकन सैनिकांच्या बराकीवर इराकचें एक स्कड क्षेपणास्त्र कोसळलें व २८ सैनिक ठार झाले. त्या भागाच्या रक्षणास पेट्रियट क्षेपणास्त्रांची तुकडी सज्ज होती. पण तिनें त्या स्कडवर मारा केलाच नाहीं. असें कां झालें, हें अमेरिकेच्या सरकारी हिशेबतपासणी कार्यालयानें १९९२ च्या फेब्रुवारींत अहवालानें सांगितलें. पेट्रियटचा संगणक सुरू झाल्यापासूनचा काळ सेकंदाच्या दहाव्या भागानें मोजीत असे. एक-दशांश हा अपूर्णांक द्विमान पद्धतींत कधींच पुरा होत नाहीं. २४ अंकांनंतर तो तोडावा लागे. ही चूक अत्यल्प, पण यंत्र जितकें अधिक काळ चालू तितकी ती वाढे. धाहरानची तुकडी शंभराहून अधिक तास अखंड चालू होती. चूक सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी झाली होती. तेवढ्या वेळांत स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर तोडितें. शत्रु एकीकडे आणि यंत्राची नजर दुसरीकडे, अशी स्थिति झाली.

अहवालांतील पुढील भाग आम्हांस अधिक विचार करावयास लावितो. आठ तास अखंड चालल्यावरही यंत्राची नजर ढळते, असें इस्रायली सैन्यानें आपल्या नोंदींवरून ११ फेब्रुवारीसच कळविलें होतें. दुरुस्त केलेला कार्यक्रम १६ तारखेस तयार झाला. २१ तारखेस तुकड्यांना इशारा गेला, कीं यंत्र फार वेळ चालविल्यास चूक होते. पण ‘फार वेळ’ म्हणजे किती तास, हें त्यांत नव्हतें. दुरुस्ती धाहरान येथें पोहोंचली ती २६ तारखेस, म्हणजे दुसऱ्या दिवशीं. वस्तुतः यंत्र एकदां बंद करून सुरू केलें असतें तर एक-दीड मिनिटांत चूक शून्यावर आली असती. आणखीही एक गोष्ट आहे. नोंद करणारीं उपकरणें अमेरिकन सैन्याजवळही होतीं. पण तीं जोडल्यानें यंत्र अवचित बंद पडेल या भीतीनें जोडलीं गेलीं नाहींत! बंद पडण्याचें भय इतकें, कीं बंद पडण्याचा इतिहासच लिहावयाचा नाहीं. एक-दीड मिनिटाची विश्रांति ज्या यंत्रास कोणीं दिली नाहीं, तें यंत्र ऐन वेळीं जागें असूनही आंधळें होतें.

या अनुभवांच्या प्रकाशांत आजच्या आज्ञांकडे पाहिलें म्हणजे त्यांचें मोल ध्यानीं येतें. नव्या लिनक्समध्यें यंत्राच्या प्रत्येक जन्मास निराळी ओळखखूण मिळते, आणि ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेस ‘लिस्ट-बूट्स’ असें पुस्ती जोडून विचारिलें, तर प्रत्येक जन्मांतील पहिली व शेवटची नोंद केव्हां झाली तें समजतें. ‘ट्यूपटाइम’ नांवाचें छोटें साधन याच्याही पुढें जातें. यंत्र चालू असतां तें ठराविक मिनिटांनीं आपल्या वहींत खूण करून ठेवितें. त्यामुळें यंत्र अवचित बंद पडलें तरी मरणाची वेळ त्या थोड्या मिनिटांच्या फरकानें सांपडते. यंत्र किती वेळां सुरू झालें, किती वेळां रीतसर व किती वेळां अवचित बंद पडलें, एकंदर किती काळ चालू व किती काळ बंद होतें, या सर्वांचा जमाखर्च तें मांडितें. नुसत्या टक्केवारीनें हें कळत नाहीं. वर्षांतून ९९.९ टक्के चालू, म्हणजे पावणेनऊ तास बंद. पण ते एकदम एका रात्रींत गेले, कीं सव्वापांचशें वेळां एकेक मिनिट गेले? पहिल्यांत वीजमंडळाकडे बोट दाखवितां येईल. दुसऱ्यांत यंत्राचे आंतच कांहीं तरी कुजत आहे. टक्केवारी दोहोंस सारखीच. शकावली मात्र दोहोंस निरनिराळें सांगते.

जुन्या वहीचाही काळ आतां भरत आला आहे. ‘डब्ल्यूटीएमपी’मधील वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत व पुष्कळ ठिकाणीं अद्यापि ३२ अंकांतच ठेविली जाते. तें मापटें १९ जानेवारी २०३८ रोजीं, आपल्या घड्याळाप्रमाणें सकाळीं ८ वाजून ४४ मिनिटें ७ सेकंदांनीं भरेल. म्हणून कांहीं लिनक्स-वितरणांनीं ही वही मिटून नवी घालण्यास आरंभ केला आहे. वही बदलेल, लिहिण्याचें प्रयोजन बदलणार नाहीं.

आज बँकेंतील ठेव, इस्पितळांतील कागद, मुलांच्या परीक्षेचे निकाल हें सर्व कोठल्या ना कोठल्या यंत्राच्या जागेपणावर अवलंबून आहे. तें यंत्र कधींच बंद पडत नाहीं असें कोणीं अभिमानानें सांगितलें, तर त्यास आम्ही एवढेंच विचारूं, कीं तें पडलें असतें तर तुम्हांस कळलें असतें काय? आपल्या घरच्या संगणकापासून या विचारपुशीस आरंभ करावयास हरकत नाहीं. ‘अपटाइम’ विचारून झाल्यावर ‘लास्ट रीबूट’ही विचारावें, आणि दोन उत्तरांच्या मधली कोरी जागा नीट पाहावी.