जन्मपूर्व रासायनिक संपर्क व पुरुष जनन तंत्र

मातेच्या शरीरात गेलेली काही औषधे व औद्योगिक रसायने वारेतून गर्भापर्यंत पोहोचल्याने मुलाच्या जननेंद्रियांच्या घडणीत येणारे व्यत्यय. वार गर्भाचे बाहेरील विषांपासून रक्षण करते, अशी समजूत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रूढ होती. ती खोटी ठरण्यास जी उदाहरणे कारणीभूत झाली, त्यांतील एक प्रमुख उदाहरण एका औषधाचे होय.

एडवर्ड चार्ल्स डॉड्झ व त्यांचे सहकारी यांनी १९३८ मध्ये इंग्लंडमध्ये डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे ईस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोनासारखे कार्य करणारे संयुग कृत्रिम रीत्या तयार केले. गर्भपात टाळण्यासाठी ते अमेरिकेत १९४७ पासून गर्भवतींना अधिकृतपणे दिले जाऊ लागले. त्याच वर्षी आल्फ्रेड झोस्त या फ्रेंच शास्त्रज्ञांनी सशांवरील प्रयोगांनी असे दाखवून दिले की, नराची जननेंद्रिये गर्भाच्याच वृषणांतून पाझरणाऱ्या हॉर्मोनांमुळे घडतात. वृषणे काढून टाकल्यास ती मादीच्या वळणाने वाढतात. परकी हॉर्मोने या काळात धोक्याची ठरू शकतील, हे यावरून सूचित होत होते. परंतु औषधाचा वापर थांबला नाही. शिकागो येथील विल्यम डीकमन यांनी सु. १,६०० गर्भवतींवर केलेल्या तौलनिक चाचणीत (१९५३) ते निरुपयोगी ठरले, तरीही ते पुढे सु. अठरा वर्षे दिले जात होते.

बॉस्टन येथे १९७१ मध्ये तरुण मुलींतील योनिमार्गाच्या एका विरळ कर्करोगाचा संबंध मातांनी घेतलेल्या या औषधाशी जोडला गेला व त्याच वर्षी अमेरिकेत ते गर्भवतींना निषिद्ध ठरविण्यात आले. यानंतर मुलांचीही तपासणी सुरू झाली. औषध निरुपयोगी ठरविणाऱ्या शिकागोच्या चाचणीच्या नोंदी येथे उपयोगी पडल्या : औषध घेतलेल्या मातांच्या मुलांपैकी ३१·५ टक्क्यांत अधिवृषणातील द्रवार्बुदे किंवा खुरटलेली वृषणे आढळली, औषध न घेतलेल्या मातांच्या मुलांत हे प्रमाण ७·८ टक्के होते. तथापि १९९५ मधील पाहणीत या पुरुषांची प्रजननक्षमता घटल्याचे दिसले नाही.

औद्योगिक रसायनांविषयीचा पुरावा अधिक गुंतागुंतीचा आहे. डीडीटीपासून बनणारे डीडीई हे संयुग पुरुष-हॉर्मोनांच्या कार्यास अडथळा आणते, असे १९९५ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत आढळले. प्लॅस्टिक लवचिक करण्यासाठी वापरली जाणारी काही थॅलेटे गर्भातील वृषणांचे टेस्टोस्टेरोन घटवितात. शॅना स्वान व त्यांचे सहकारी यांनी २००५ मध्ये मातांच्या मूत्रातील थॅलेटांचे प्रमाण जास्त असल्यास मुलांच्या गुदद्वार व जननेंद्रिय यांमधील अंतर कमी असते, असे दाखविले. हे अंतर गर्भावस्थेतील पुरुष-हॉर्मोनांच्या क्रियेचे निदर्शक मानले जाते. नील्स स्काकेबेक यांनी २००१ मध्ये न उतरलेली वृषणे, मूत्रमार्गाचे छिद्र चुकीच्या जागी असणे, शुक्राणूंची कमतरता व वृषणांचा कर्करोग यांचे मूळ गर्भावस्थेतील एकाच बिघाडात असावे, असे मत मांडले. माणसात विशिष्ट रसायन व विशिष्ट विकार यांचा कार्यकारण-संबंध मात्र बहुतेक बाबतींत निर्विवाद सिद्ध झालेला नाही.

यूरोपीय संघाने १९९९ मध्ये तात्पुरते व २००५ मध्ये कायमचे निर्बंध खेळण्यांतील काही थॅलेटांवर घातले. त्यांनी जन्मलेल्या बालकाचे रक्षण होते. परंतु जननेंद्रियांच्या घडणीचा निर्णायक काळ गर्भावस्थेच्या साधारण आठव्या ते चौदाव्या आठवड्यांत येतो. तोवर पुष्कळदा मातेलाही गर्भधारणेची नुकतीच जाणीव झालेली असते.