पदवी कीं मजुरी? अमेरिकेंतील कृष्णवर्णीय तरुणाचा हिशेब

महाविद्यालयांत घालविलेल्या चार वर्षांचें मोल किती, हा प्रश्न विचारणारे बाप सर्व देशांत आहेत. मुलगा अठराव्या वर्षीं कामाला लागला तर चार वर्षें वेतन घरीं येईल. तोच कॉलेजांत गेला तर वेतन नाहींच, उलट घरचें जाईल. आणि पुढें पदवी हातीं आल्यावर हा खड्डा भरून निघेल कीं नाहीं, हें कोणी लिहून देत नाहीं. अध्यापनाच्या धंद्यांत आयुष्याचा मोठा भाग गेल्यामुळें हा हिशेब आमच्यापुढें पुष्कळदां मांडला गेला आहे, आणि तो मांडणाऱ्यास हिणविण्याचें धैर्य आम्हांला कधीं झालें नाहीं. परंतु आपल्याकडील मध्यमवर्गीय बाप हा हिशेब करितांना एक गोष्ट बहुधा गृहीत धरून चालतो. ती ही कीं, पदवीला बाजारांत जो भाव आहे तोच आपल्या मुलालाही मिळेल. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय बापाला हें कधींच गृहीत धरतां आलें नाहीं. म्हणूनच हा साधा घरगुती प्रश्न तेथें एका समाजाचा सार्वजनिक वाद होऊन बसला, व तो शंभराहून अधिक वर्षें चालला आहे. त्याचा इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे.

१८६५ सालीं यादवी युद्ध संपलें व सुमारें चाळीस लक्ष गुलाम मोकळे झाले. युद्धापूर्वीं दक्षिणेंतील अनेक राज्यांत गुलामास लिहावयास शिकविणें हा कायद्यानें गुन्हा होता. त्यामुळें मुक्त झालेल्या माणसांची पहिली भूक अक्षरांची होती, यांत नवल नाहीं. धर्मोपदेशक मंडळ्यांच्या व सरकारी मदतीनें थोड्याच वर्षांत शाळा व कॉलेजें उभीं राहिलीं. टेनेसींतील फिस्क १८६६ चें, राजधानींतील हॉवर्ड १८६७ चें, व्हर्जिनियांतील हॅम्प्टन १८६८ चें. यांपैकीं फिस्कमध्यें लॅटिन व ग्रीक शिकवीत. हॅम्प्टनचे संस्थापक जनरल आर्मस्ट्राँग यांचा भर मात्र शेत, सुतारकाम व शिस्त यांवर होता. पुढील सर्व वादाचीं बीजें या दोन अभ्यासक्रमांत आहेत.

बुकर टी. वॉशिंग्टन हे हॅम्प्टनचे विद्यार्थी. १८५६ सालीं गुलामींत जन्मलेला हा मुलगा बराच प्रवास पायीं करून हॅम्प्टनला पोंचला, तेव्हां त्याची प्रवेशपरीक्षा म्हणून त्याला एक खोली झाडावयास सांगण्यांत आलें. ती त्यानें तीन वेळां झाडली व चार वेळां पुसली. हाच प्रसंग त्याच्या पुढील सर्व शिक्षणशास्त्राचा पाया झाला, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. १८८१ सालीं अलाबामांतील टस्कीगी येथें त्यांनीं शाळा काढली. इमारतीसाठीं विटा विद्यार्थ्यांनींच पाडाव्या असा त्यांचा आग्रह. परंतु पहिल्या तीनही भट्ट्या फसल्या. पैसा संपला, तेव्हां त्यांनीं स्वतःचें घड्याळ पंधरा डॉलरांस गहाण टाकलें व चौथी भट्टी लावली. ती साधली. भोंवतालचे गोरे लोकसुद्धां विटा विकत घेण्यास येऊं लागले, आणि ज्याची वीट चांगली त्याचा द्वेष करणें कठीण जातें, हा सिद्धान्त वॉशिंग्टन यांनीं त्या विक्रींतून काढला.

हा सिद्धान्त त्यांनीं १८९५ च्या सप्टेंबरांत अटलांटा येथील प्रदर्शनांत गोऱ्या व काळ्या श्रोत्यांच्या मिश्र सभेपुढें मांडला. तूर्त मतदानाचा व सामाजिक बरोबरीचा आग्रह नको. हातांत कसब येऊं द्या, चार पैसे गांठीं पडूं द्या, बाकीचें मागाहून येईल, असा त्या भाषणाचा आशय होता. गोऱ्या धनिकांना तो मनापासून आवडला, व कां आवडूं नये? कार्नेगी यांनीं १९०३ सालीं टस्कीगीला सहा लक्ष डॉलर दिले. कॉलेजशिक्षणाविषयीं वॉशिंग्टन यांचा सूर थट्टेचा असे. एका खोलीच्या घाणेरड्या झोंपडींत, मळके कपडे घालून, अंगणांत तण माजलेलें असतां फ्रेंच व्याकरण घोकीत बसलेला एक तरुण त्यांनीं आत्मचरित्रांत रंगविला आहे, आणि हें आपण पाहिलेल्या अत्यंत खेदजनक दृश्यांपैकीं एक, असें म्हटलें आहे. आम्हांला या चित्रांत खेदापेक्षां कौतुकाला जागा दिसते. पण तो प्रश्न वेगळा.

त्याच १८९५ सालीं हार्वर्डनें एका कृष्णवर्णीयास प्रथमच पीएच्. डी. दिली. ते डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस. मॅसॅच्युसेट्समध्यें स्वतंत्र घराण्यांत जन्म, फिस्कचे पदवीधर, बर्लिनला अध्ययन, आणि १८९७ पासून अटलांटा विद्यापीठांत अध्यापक. १९०३ सालीं त्यांनीं वॉशिंग्टन यांच्या मतावर उघड टीका केली. दहांतील एक जो बुद्धिमान् असेल त्याला उत्तमांतील उत्तम उच्च शिक्षण द्या, तो उरलेल्या नवांना वर ओढील, हें त्यांचें मत त्याच वर्षीं प्रसिद्ध झालें. परंतु ड्यूबॉइस यांचें वैशिष्ट्य असें कीं, त्यांनीं नुसता वाद घातला नाहीं, तर मोजणी केली. १९०० सालीं त्यांच्या देखरेखीखालीं कृष्णवर्णीय पदवीधरांची पाहणी झाली. ज्यांच्या धंद्याची माहिती मिळाली अशा सुमारें तेराशें पदवीधरांत त्रेपन्न टक्के शिक्षक, सतरा टक्के धर्मोपदेशक व सहा टक्के वैद्य होते. शिवाय वकील, सरकारी नोकर, व्यापारी व शेतकरीही होते. झोंपडींत फ्रेंच घोकणारा निरुद्योगी पदवीधर या कोष्टकांत फारसा कोठें सांपडत नाहीं.

गमतीची गोष्ट अशी कीं, प्रतिपक्षाच्या घरींही हेंच चाललें होतें. टस्कीगीच्या इमारतींचे आराखडे काढणारे रॉबर्ट टेलर हे मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रविद्यालयाचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर. शेतीशास्त्र शिकविणारे कार्व्हर आयोवाच्या कॉलेजांतून आलेले. वॉशिंग्टन यांची पत्नी मार्गारेट फिस्कची पदवीधर. आणि त्यांची कन्या पोर्शिया पियानो शिकण्यास बर्लिनला गेली होती. कॉलेजांत शिकलेले अध्यापक नसते तर टस्कीगी एक दिवसही चालली नसती, हा ड्यूबॉइस यांचा टोला अगदीं मर्मीं लागणारा होता. उलट बाजूनें पाहिलें तर हॅम्प्टनचें काय झालें? जेम्स अँडरसन या इतिहासकारानें १९८८ सालीं दाखवून दिलें कीं, त्या संस्थेच्या पहिल्या वीस वर्गांतील ७२३ पदवीधरांपैकीं सुमारें ८४ टक्के शिक्षक झाले. म्हणजे शेत व सुतारकाम यांवर भर देणारी संस्था प्रत्यक्षांत मास्तर घडवीत होती.  दक्षिणेंत कृष्णवर्णीय सुतारास गोऱ्या कारागिरांचे संघ आंत घेईनात, आणि जीं कसबें शिकविलीं जात त्यांपैकीं कित्येक कारखान्यांनीं मोडीत काढलीं होतीं. कसब हातीं आलें तरी भाव गोऱ्याच्या हातीं राहिला.

पण म्हणून पदवीला तरी काय भाव होता? शिक्षक झाला तर त्याच जिल्ह्यांतील गोऱ्या शिक्षकाहून पगार बराच कमी. हा भेद अवैध ठरविणारा नॉरफोकच्या शिक्षकाचा निकाल १९४० सालीं लागला. वैद्य वा वकील झाला तर पक्षकार व रोगी आपल्याच गरीब समाजांतले. आगगाडीच्या शयनगाड्यांत गोऱ्या उतारूंचे बिछाने घालणारे पुलमन कंपनीचे नोकर सर्व कृष्णवर्णीय असत, आणि त्यांत कॉलेजांत शिकलेले व शिकत असलेले तरुणही होते. बेंजामिन मेज यांचें चरित्र या बाबतींत वाचनीय आहे. साउथ कॅरोलायनांत गुलामींत जन्मलेल्या आईबापांच्या पोटीं हे आले. कापसाच्या कामांतून सवड मिळे तीं वर्षाकांठीं चार महिने शाळा. पुढें शिकण्याचा हट्ट धरला तेव्हां बापानें रागानें दहा डॉलरची नोट त्यांच्या अंगावर फेंकली. शिक्षणाच्या खर्चासाठीं त्यांनीं पुलमन गाड्यांतून चाकरी केली, मेनमधील बेट्स कॉलेजची पदवी १९२० सालीं घेतली, व १९४० पासून सत्तावीस वर्षें ते मोरहाउस कॉलेजचे अध्यक्ष होते. मार्टिन ल्यूथर किंग हे त्यांचे विद्यार्थी. बापाची नोट व्याजासह फिटली असें आपण आज म्हणूं; पण त्या बापाला दोष देणें आम्हांला अवघड वाटतें. शेतांतला एक हात कमी झाला हें त्याला दिसत होतें. मोरहाउस दिसत नव्हतें.

महाराष्ट्राच्या वाचकाला हा सर्व इतिहास परका वाटूं नये. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपली ‘गुलामगिरी’ गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केली होती. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकले, आणि ती विद्या घेऊन १९१७ सालीं बडोद्यास आले तेव्हां त्यांना राहावयास जागा मिळेना. पदवीचा भाव पदवीधराची जात पाहून ठरतो, हें त्यांना कोणी सांगावयास नको होतें. १९४६ सालीं त्यांनीं ड्यूबॉइस यांना पत्र लिहिलें, त्यांत कृष्णवर्णीयांनीं संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती.

मजुरीचें पारडेंही सदा हलकें नव्हतें, हें सांगितलें पाहिजे. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून लक्षावधि कृष्णवर्णीय दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, पिट्सबर्ग या शहरांकडे निघाले. फोर्डच्या कारखान्यांत, कत्तलखान्यांत, पोलादाच्या भट्ट्यांत काम अत्यंत कष्टाचें व धोक्याचें होतें. तथापि तेथें अठरा वर्षांच्या मुलाला मिळणारा रोख पगार दक्षिणेंतील शिक्षकाला लाजविणारा असे. अशा मुलाने कॉलेजचा रस्ता धरला नाहीं तर तो अडाणीपणा नव्हे. तो बरोबर केलेला हिशेब होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४४ च्या कायद्यानें परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चानें शिकण्याची सोय झाली. कायद्यांत रंगाचा उल्लेख नव्हता; अंमलबजावणी मात्र स्थानिक गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हातीं राहिली. दक्षिणेंतील गोऱ्यांचीं विद्यापीठें बंद, कृष्णवर्णीयांचीं कॉलेजें लहान व भरलेलीं. टर्नर व बाउंड या अर्थशास्त्रज्ञांनीं २००३ सालीं दाखविलें कीं, दक्षिणेबाहेरील कृष्णवर्णीय सैनिकांना या कायद्याचा गोऱ्यांप्रमाणेंच फायदा झाला, दक्षिणेंतील सैनिकांना शिक्षणाच्या बाबतींत फारसा झाला नाहीं. एकच कायदा, एकच पलटण. पण घरचा पत्ता कोठला यावर फळ ठरलें.

खरा पालट १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्याच्या सुमारास झाला. रिचर्ड फ्रीमन यांनीं दिलेले आंकडे येथें फार बोलके आहेत. नोकरीसाठीं तरुण निवडावयास कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांत येणाऱ्या कंपन्यांच्या प्रतिनिधींची सरासरी १९६० सालीं कॉलेजामागें अवघी चार होती. १९७० सालीं ती तीनशेंच्या घरांत गेली. विद्यार्थी तेच, ग्रंथ तेच, अध्यापकही बहुशः तेच. दार उघडलें होतें. १९४० सालीं कृष्णवर्णीय पुरुषाचें सरासरी वेतन गोऱ्याच्या वेतनाच्या ४३ टक्के होतें, तें १९८० पर्यंत ७३ टक्क्यांपर्यंत चढलें, असें स्मिथ व वेल्श यांचें गणित आहे. याच सुमारास दुसरें पारडें मात्र कोसळूं लागलें. शहरांतील कारखाने बंद पडले किंवा दूर गेले. ज्या पगाराच्या भरंवशावर आजोबांनीं कॉलेज सोडलें तो पगार नातवाला उरला नाहीं. समाजशास्त्रज्ञ विल्यम ज्यूलियस विल्सन यांनीं १९८७ व १९९६ च्या आपल्या ग्रंथांत या ओसाड मोहल्ल्यांचें वर्णन केलें आहे. १९८० नंतर तरुण कृष्णवर्णीय पदवीधरांची बरोबरीही कांहींशी ओसरली. परंतु न शिकलेल्याची घसरण इतकी मोठी होती कीं, पदवीची तुलनात्मक किंमत वाढतच गेली.

शाळा सोडून सरळ कामाला लागावें म्हणणाऱ्यांना डेव्हा पेजर यांच्या २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाची आठवण दिली पाहिजे. मिल्वॉकी शहरांत त्यांनीं सारख्याच पात्रतेचे तरुण साध्या, पदवी न लागणाऱ्या नोकऱ्यांसाठीं अर्ज घेऊन पाठविले. तुरुंगवासाचा डाग असलेल्या गोऱ्यास १७ टक्के ठिकाणांहून बोलावणें आलें. निष्कलंक कृष्णवर्णीयास १४ टक्के. म्हणजे हातमजुरीच्या बाजारांतही रंगाची पट्टी आहेच, आणि पदवी टाळून ती टळत नाहीं.

तेव्हां पदवी घ्यावी हें आमचें मत स्पष्ट आहे. तथापि एक अट त्यांत राहून जाते: ती पुरी झाली पाहिजे. २०१० सालीं चार वर्षांच्या कॉलेजांत शिरलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकीं सहा वर्षांत तेथेंच पदवी घेणारे सुमारें ४० टक्के निघाले, पुरुषांत तर त्याहून कमी. गोऱ्यांत हें प्रमाण सुमारें ६४ होतें. घरीं सांठविलेली संपत्ति नसल्यामुळें फीचा भार कर्जावर पडतो. स्कॉट-क्लेटन व ली यांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या हिशेबाप्रमाणें पदवी घेतांना कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचें कर्ज गोऱ्यापेक्षां सरासरी सात हजार चारशें डॉलरांनीं जास्त असतें, व चार वर्षांनीं हें अंतर पंचवीस हजारांच्या आसपास जातें. ज्याची पदवीच अर्धवट राहिली त्याच्याकडे कर्ज असतें आणि तें फेडण्याचें साधन नसतें. वर चार वर्षांची मजुरीही बुडालेली.

या बाबतींत अटलांटा शहरांतच एक प्रयोग झाला आहे. तेथील जॉर्जिया राज्य विद्यापीठाला आढळून आलें कीं, शेवटच्या टप्प्यांत आलेले पुष्कळ विद्यार्थी अभ्यासांत नापास होऊन नव्हे, तर फीपैकीं कांहीं शें डॉलर बाकी राहिले म्हणून नांव कमी होऊन जातात. २०११ पासून विद्यापीठानें ही लहानशी बाकी स्वतः भरून अशा विद्यार्थ्यांना परत वर्गांत बसविण्यास सुरुवात केली, व कोण कोठें अडखळतो यावर नजर ठेवण्यास सल्लागार नेमले. २००३ सालीं तेथें पदवी पुरी करणारे सर्व विद्यार्थ्यांत सुमारें ३२ टक्के होते. २०१४ पर्यंत ते ५४ टक्के झाले, आणि कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांच्या बरोबरीनें पदवी घेऊं लागले.