सोऱ्या

चैत्र लागला की आमच्याकडं वाळवणांची घाई सुरू व्हायची. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, पिळून चीक काढायचा. शिजलेला चीक गरम असतानाच सोऱ्यातून काढावा लागतो. गार झाला की घट्ट होतो आणि तार तुटते. ही सगळी घाई बायकांच्या मनगटांवर यायची.

आजीच्या वेळी सुतारानं घडवलेला लाकडी सोऱ्या होता. खाली भोकांची चकती, वर दट्ट्या. दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकून दाबायचं. पुढं मळसूत्राचा पितळी सोऱ्या आला. त्याला जोर कमी लागे, पण फेरे फार. घरापुरतं ते चालून जाई.

१९९२ साली नाबार्डनं बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली. पुढं आमच्या गावातही गट झाला. कुरडई आता विकायची होती, किलोवर मजुरी होती. काम लवकर उरकावं म्हणून गटानं दुप्पट रुंदीचा सोऱ्या करून घेतला. पण रुंदी दुप्पट झाली की दट्ट्याचं तोंड चौपट होतं, आणि जोरही चौपट लागतो. पहिल्याच घाण्याला काकू म्हणाली, "ह्याला बाई न्हाय, बैल जुंपा!"

लोहारानं मग बायकांनाच विचारलं, दुखतं कुठं, अडतं कुठं. नळी पुन्हा अरुंद केली, पण उंच. सोऱ्या लोखंडी घोडीवर बसवला, वर लांब दांडा दिला. एका हातानं दांडा दाबायचा, दुसऱ्या हातानं खालचा कागद फिरवायचा. चकतीच्या भोकांची धार घासली, म्हणून तार फाटेना. चकती सुटी निघेल अशी केली, कारण आत वाळलेला चीक काढण्यातच अर्धी संध्याकाळ जायची.

अवजार तेच ठेवून कामाची मांडणी बदलल्याचंही उदाहरण आहे. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथं पीठ एका जागी मळतात आणि बायका ते घरी नेऊन लाटतात. पोळपाट-लाटणं तसंच राहिलं, मळण्याचं ओझं मात्र गेलं.

आमच्या लोहाराचं नाव कुठल्या कागदावर नाही, काकूचंही नाही. पण किलोमागं मिळणारा पैसा तेवढाच राहून खांद्याचं दुखणं कमी झालं, ही त्या दोघांची कमाई. गावाच्या इतिहासात एवढं तरी लिहिलं जावं.