एक पौंड धान्य

आमच्या या शहरात आता भाकरीचे भय वाटू लागले आहे. साखर वाढते, वजन वाढते, म्हणून पिष्टमय पदार्थ कमी करा, असे वैद्य सांगतात. आणि बसून काम करणाऱ्या, चार वेळा गोड चहा पिणाऱ्या आम्हा मंडळींना ते सांगणे योग्यच आहे. पण याच पिष्टमय पदार्थांवरून, म्हणजे आजच्या भाषेत कर्बोदकांवरून, आमच्याच मुलखात एकदा मोठा झगडा झाला होता. तिथे प्रश्न भाकरी जास्त झाल्याचा नव्हता. किती भाकरीवर माणूस खडी फोडू शकतो, हा होता.

१८७६ साली पाऊस गेला. सोलापूर, कलादगी, सातारा, नगर, पुणे या जिल्ह्यांत पिके बुडाली, आणि मद्रास इलाख्याची दशा याहून वाईट झाली. सरकारने दुष्काळी कामे काढली. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीला दरबार भरून व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर झाले. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, आमचे सार्वजनिक काका, तिथे हातच्या सुताच्या खादीत जाऊन बसले होते. त्याच महिन्यात व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळाच्या पाहणीस दक्षिणेत धाडले.

टेंपल हे काही दुष्काळाला नवखे नव्हते. १८७४ साली बिहारात त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून माणसे जगवली होती. फार थोडे लोक मेले. पण खर्च फार झाला म्हणून त्यांनाच बोल लागला. माणसे वाचवल्याबद्दल ज्याची कानउघाडणी झाली, तो पुढच्या खेपेस काय करील? टेंपल यांनी ठरवले की कामावरच्या पुरुषास रोज एक पौंड धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा द्यावा. स्त्रियांना व मुलांना त्याहून कमी.

एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. ज्वारी दळली तर त्यात मध्यम आकाराच्या पाच भाकरी होतात. पाच भाकरी म्हणजे बेताचे जेवण नव्हे, असे इथे बसलेल्या पुष्कळांस वाटेल. आम्हांसही प्रथम तसेच वाटले होते. पण आमच्या पाच भाकरींबरोबर भाजी असते, आमटी असते, तेल-तूप असते. त्यांच्याजवळ अर्धा आणा होता. त्यात मीठ, मिरची, सरपण भागवायचे, आणि कामावर येऊ न शकणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडातही काही घालायचे. निव्वळ ज्वारीचा हिशेब केला तर तीनशे ग्रॅमांहून थोडे अधिक पिष्ट, पंचेचाळीस ग्रॅमांच्या आसपास प्रथिने, आणि एकूण सुमारे साडेपंधराशे उष्मांक. दिवसभर माती वाहणारा, खडी फोडणारा पुरुष कितीही लहान चणीचा धरला तरी त्याची गरज अडीच हजारांच्या खाली येत नाही.

उरलेले हजार येतात कुठून? देहातूनच. क्लॉद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७ साली दाखवले की यकृत आपल्याजवळ पिठासारखा एक पदार्थ, ग्लायकोजेन, साठवून ठेवते. पण ही कोठी लहान, एखाद्या दिवसाची. मेंदूला तर रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम साखर लागतेच. कोठी रिती झाली की शरीर आधी साठलेली चरबी जाळते आणि स्नायू मोडून त्यांची साखर करते. चरबी आधीच आटलेल्या माणसाला मग स्नायूच तेवढे उरतात. जो हात घण उचलतो तोच हात सरपण होतो.

मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी टेंपल यांच्याशी उघड वाद मांडला. त्यांचा भर नत्रयुक्त पदार्थांवर, म्हणजे प्रथिनांवर, होता. एक पौंड तांदळातून श्रम करणाऱ्या देहाला ती पुरत नाहीत. दीड पौंड धान्य आणि वर डाळ-भाजी द्या, अशी त्यांची मागणी. त्या काळी लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचा शब्द प्रमाण होता, आणि लीबिगचे मत असे की स्नायूंचे बळ प्रथिनांतूनच येते. गंमत अशी, की या मताला आधीच धक्का बसला होता. १८६५ च्या ऑगस्टात फिक आणि विसलिसेनस हे दोघे प्राध्यापक स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न डोंगर चढले, ब्रीएन्झ सरोवरापासून जवळजवळ दोन हजार मीटर. आदल्या दुपारपासून त्यांनी पिष्टाच्या चरबीत तळलेल्या वड्या आणि गोड चहा, एवढेच घेतले, प्रथिने वर्ज्य. मूत्रातील नत्र मोजले, तेव्हा दिसले की शरीरात जळलेली प्रथिने त्या चढाच्या श्रमाला मुळीच पुरली नसती. चढवले ते पिष्टाने आणि चरबीने.

म्हणून आमच्या मते डॉ. कॉर्निश यांचा निष्कर्ष खरा होता, पण कारण अर्धेच होते. डाळ हवीच होती. त्याआधी आणखी अर्धा पौंड धान्य हवे होते. टेंपल यांची चूक मात्र शास्त्राची नव्हेच. त्यांनी हिशेब खजिन्याकडून सुरू केला आणि पोटापाशी येऊन थांबवला.

शास्त्र ठाऊक नसलेल्यांनी आपला निर्णय केला तो असा. जानेवारी ते मार्चच्या दरम्यान मुंबई इलाख्यात एक लाखाहून अधिक लोक ही कामे सोडून निघून गेले. मिळणाऱ्या अन्नापेक्षा जाणारी शक्ती जास्त, हे त्यांना कोष्टकावाचून कळत होते. सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी उभी राहिली. जिल्ह्याजिल्ह्यांतून हकिकती गोळा करून तिने सरकारला पत्रांवर पत्रे लिहिली. घरी बसूनही उपासच, तरी निदान घाम तरी गाळायला नको, एवढाच काय तो त्या बायाबापड्यांपुढे पर्याय होता.

मद्रासेत १८७७ सालीच धान्य सव्वा पौंडापर्यंत वाढवावे लागले आणि डाळीची भर पडली. तोपर्यंत फार उशीर झाला होता. या दुष्काळात एकंदर पन्नास लाखांहून अधिक माणसे गेली, असे अंदाज आहेत. १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला, आणि त्यातून पुढे दुष्काळसंहिता तयार झाली. टेंपलसाहेब मात्र १८७७ च्या उन्हाळ्यातच मुंबईचे गव्हर्नर होऊन आले होते. तेव्हा आमच्याकडची दुष्काळी कामे अजून चालूच होती.