नहर-ए-अंबरी आणि नगराचा इतिहास
नगराची कीर्ती वास्तूंवर अवलंबून असते. त्याचे आयुष्य मात्र पाण्यावर. इ. स. १६१० च्या सुमारास मलिक अंबराने खडकी येथे राजधानी वसविली आणि डोंगरपायथ्याचे भूगर्भजल नहरींच्या द्वारे नगरात आणले. पुढे खडकीचे फतेहनगर, १६५३ मध्ये औरंगाबाद व २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. बीबी का मकबरा प्रवाशांस मोहवितो. पाणचक्की मात्र त्याच परंपरेतील जलविद्येची साक्ष देते. राज्यकर्त्यांनी नावे बदलली. वस्ती नांदली ती जमिनीखालील नळांच्या आधाराने. म्हणून अभ्यासकाने मकबऱ्याइतकेच या नहरींचेही मोजमाप घेणे अगत्याचे आहे. त्या बुजल्या, तर नगराच्या इतिहासाचा मूळ पुरावाच बुजेल.