सोप्याचा केर कोणी काढला? टेंभुर्णीतल्या बैठकीच्या खोलीचा इतिहास

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एका मुलाखतीत सपशेल चुकीचा प्रश्न विचारला होता. मुलाखत घरचीच, टेंभुर्णीत, माझ्या आज्जीची. मी विचारलं, "आज्जी, तुझ्या वेळी हॉल कसा साफ करायचीस?"

आज्जी हसली. "कुठला हाल गं? सोपा हुता. आन् सोप्यात बापयमाणसं बसायची. आमी निस्तं सारवायचो."

माझा विषय घरकामाचा इतिहास. त्या एका उत्तरानं माझी प्रश्नावली रद्द झाली. 'हॉल' हा शब्द आजचा आहे. त्यात सोफा येतो, टीव्ही येतो आणि 'घरातल्या सगळ्यांची बसायची जागा' हे गृहीतकही येतं. ते गृहीतक मी पन्नास-साठ वर्षं मागं ढकलत होते. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी पहिली गोष्ट ही लक्षात ठेवा: आजचा शब्द घेऊन काल शोधायला गेलात, तर आजच सापडेल.

दप्तरात केर सापडत नाही

टेंभुर्णी इतिहासात येते ती सदाशिवपंत माणकेश्वरांमुळे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले हे मुत्सद्दी, आणि गाव त्यांची जहागीर. त्यामुळे जहागीर सापडते, गढी सापडते. पण गढीची सदर रोज सकाळी कोणी झाडली, हे कुठं सापडणार?

१८८४ चं सोलापूरचं गॅझेटिअर उघडलं तर पिकं, रस्ते, बाजार, घरांचे प्रकार मिळतात. आपल्याकडची घरं माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची. हे वाचून पुढे जायचं नाही, थांबून विचार करायचा. माळवदाचं घर म्हणजे वरून सतत माती झडणार. म्हणजे या घरात धूळ फक्त दारातून येत नाही, डोक्यावरूनही येते. गॅझेटिअर लिहिणाऱ्यानं छप्पर नोंदवलं, छपराखालचं काम नोंदवलं नाही. ते आपल्याला काढावं लागतं.

त्र्यंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' (१९१५) इथं उपयोगी पडतं, कारण त्यात बलुत्यांची व्यवस्था आहे. केरसुणी आणि दोर वळणारा मांग समाज हा त्या व्यवस्थेचा भाग. शिंदीच्या पानांची केरसुणी त्यांच्या हातची. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला तिला हळदकुंकू वाहायचं, तिला लक्ष्मी म्हणायचं, आणि ती बनवणाऱ्याला मात्र सोप्यात बसू द्यायचं नाही. एका केरसुणीत गावाची उतरंड दिसते. स्वच्छतेचा इतिहास लिहिताना हे टाळून पुढे गेलं, तर तो निम्माच राहतो.

मग घराच्या आतली खोली सरकारी कागदात कधी दिसते? सरकार आत शिरतं तेव्हा. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, १८९७ ला साथरोगाचा कायदा झाला. पुण्यात रँडच्या कारभारात शिपाई घरात घुसले, सामान बाहेर काढलं, जंतुनाशकं ओतली, चुना फासला. प्लेगच्या त्या बंदोबस्तात मातीच्या जमिनीही खणल्या गेल्या. त्या कागदांतून घरातली जमीन, हवा, उजेड सगळं दिसतं, पण अधिकाऱ्याच्या नजरेतून: घर म्हणजे घाण, रहिवासी म्हणजे अडथळा. तीच जमीन आदल्या दिवशी कोणी सारवली होती, हे तिथंही नाही.

आज्जीची पद्धत

म्हणून मौखिक इतिहास. आज्जीनं सांगितलेला क्रम मी लिहून काढला. घटस्थापनेच्या आधीची ही मोठी साफसफाई. गोधड्या, वाकळा धुवायला बाहेर. मग सोप्यातलं सगळं सामान अंगणात. काठीला खराटा बांधून आढ्याची जळमटं काढायची. मग कोनाडे आणि भिंती. मग जमिनीवर पाण्याचा हबका, म्हणजे धूळ उडत नाही. मग केर. उखणलेल्या जागी माती भरून चोपायची. शेवटी शेणकाला आणि पोतेरं घेऊन आतल्या भिंतीपासून सुरुवात करून मागं मागं सरकत उंबऱ्यापर्यंत यायचं.

आजही हॉल झटपट साफ करायचं सूत्र हेच सांगतात: आधी सामान हलवा, वरून खाली या, कोरडं आधी, ओलं नंतर, दाराकडं सरकत शेवट करा. हे बघून "आपल्या पूर्वजांना सगळं शास्त्र माहीत होतं" असं लिहायचा मोह होतो. आवरा. हा क्रम सामग्रीतून येतो. माळवदाची माती वरून पडते, म्हणून वरून सुरुवात. ओल्या सारवणावर पाय देता येत नाही, म्हणून शेवट दारात. ज्या बाईला चुकलं तर सगळं परत करावं लागतं, ती बाई क्रम चुकत नाही. यात दंतकथा नाही, हाताला आलेला अनुभव आहे.

अमेरिकेत क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी १९१३ साली कारखान्यातली कार्यक्षमतेची कल्पना घरात आणली, पावलं आणि हालचाली मोजायला शिकवलं. त्यांचं पुस्तक झालं. सोलापूर जिल्ह्यातल्या बायकांची पावलं कोणी मोजली नाहीत, म्हणून त्या कार्यक्षम नव्हत्या असं म्हणायचं का?

फरशी आली, काम कमी झालं का?

रेल्वे १८६० ला सोलापुरात आली, १८७१ पर्यंत रायचूरला पोचली. शहाबाद याच मार्गावरचं. शहाबादी फरशी आपल्याकडं इतकी दिसते त्याचं एक कारण हे. पण आमच्या घरात ती बरीच उशिरा आली. १९८० ला उजनी धरण पूर्ण झालं, पुढं ऊस वाढला, हातात पैसा आला, माळवद पाडून स्लॅब पडला. बैलांची जागा ट्रॅक्टरनं घेतली, तसं शेणही कमी झालं.

मी आज्जीला म्हटलं, "मग सुटलीस की सारवणातनं."

"सुटतीय कशाची? सारवण आठ दिसाला. फरशी रोज पुसाय लागती. आन् सारवाय आमी तिघी जावा हुतो."

रूथ श्वार्ट्झ कोवान या इतिहासकार बाईंनी १९८३ च्या पुस्तकात अमेरिकी घरांबद्दल हेच मांडलं: साधनं सुधारली, पण स्वच्छतेची अपेक्षा वाढली आणि मदतीचे हात कमी झाले, त्यामुळं बाईचा वेळ वाचला नाही. मी आधी कोवान वाचून मग आज्जीकडं गेले असते, तर कदाचित तिच्या तोंडी तेच घातलं असतं. सिद्धांत खिशात ठेवा, तोंडावर नको.

आकडेही बघा. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर जाणारा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. आता तळटीप वाचा: ही सरासरी फक्त घरकाम करणाऱ्यांची आहे. पुरुषांत असे जेमतेम २६ टक्के. तळटीप सोडली तर ९७ मिनिटं सगळ्या पुरुषांच्या नावावर जमा होतात.

ध्वनिमुद्रणातला 'अडथळा'

गाडगे महाराजांचा खराटा इतिहासानं नोंदवला, आणि तो नोंदवायलाच हवा. गावचे रस्ते झाडून संध्याकाळी कीर्तन करणारा तो माणूस मोठाच. २००० साली राज्याचं ग्रामस्वच्छता अभियान त्यांच्या नावानं सुरू झालं. पण चौकातला खराटा दिसतो आणि सोप्यातली केरसुणी दिसत नाही, हा फरक मी प्रबंधात ठासून मांडला होता.

मग गाईडनी आज्जीच्या मुलाखतीचं मूळ ध्वनिमुद्रण ऐकायला मागितलं. माझ्या टंकलिखितात चार ठिकाणी कंसात लिहिलं होतं: 'पार्श्वभूमीला आवाज, अस्पष्ट'. त्यांनी हेडफोन माझ्याकडं दिला. आवाज केरसुणीचा होता. मग बादलीचा. मग आईचा, अगदी स्पष्ट: "आत्या, पाय वर घ्या जरा. आन् तुझी ती वही उचल गं."

आज्जी सोफ्यावर, मी खाली वही घेऊन, आणि आमच्या दोघींच्या भोवतीनं आई फरशी पुसत होती. घरकामाच्या इतिहासाची मुलाखत चालू असताना मी घरकामाला अडथळा म्हणून नोंदवलं होतं. गॅझेटिअर लिहिणाऱ्यानं यापेक्षा वेगळं काय केलं?

ती चारही ठिकाणं मी परत ऐकून लिहून काढली. पुढची मुलाखत आईची आहे. वेळ तिनं दिलीय, दुपारी तीनची, केरफरशी उरकल्यावर.