परक्या माशांना नदीत थोपविताना

संमिश्र मत्स्यपालनात कटला, रोहू, मृगल यांच्या जोडीने तळ्यात सोडला जाणारा 'चंदेरा', म्हणजेच सिल्व्हर कार्प, महाराष्ट्रातील मत्स्यसंवर्धकांच्या परिचयाचा आहे. मूळ पूर्व आशियातील हा मासा तळ्यात उपयुक्त ठरतो. वाहत्या नदीत मात्र तो किती उपद्रवी होतो, हे अमेरिकेने अनुभवले आहे.

तळ्यांतील शेवाळ कमी व्हावे, म्हणून १९७० च्या दशकात चंदेरा व त्याचा भाऊबंद बिगहेड अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत आणण्यात आले. तेथून निसटून ते मिसिसिपी आणि तिची उपनदी इलिनॉय यांत पसरले. पाण्यातील सूक्ष्म प्लवंग हे त्यांचे खाद्य. स्थानिक माशांची पिल्लेही त्यावरच जगतात. एक मादी लाखो अंडी घालते आणि ती प्रवाहाबरोबर दूरवर वाहत जातात. बोटीच्या आवाजाने बिथरलेले चंदेरे पाण्याबाहेर उसळून प्रवाशांना जखमीही करतात.

इलिनॉयच्या खोऱ्याला मिशिगन सरोवराशी जोडणारा शिकागोचा कालवा १९०० मध्ये खुला झाला. त्या वाटेने हे मासे सरोवरांत शिरू नयेत, यासाठी २००२ पासून कालव्याच्या पाण्यात विद्युतप्रवाह सोडला जातो. झटका बसताच मासा मागे फिरतो. मात्र मालवाहू तराफ्यांच्या आडोशाने लहान मासे पार होण्याची शक्यता उरतेच. २००९ मध्ये देखभालीसाठी विद्युतअडथळा बंद करावा लागला, तेव्हा कालव्यात रोटेनोन हे विष सोडण्यात आले. हे विष आपला-परका असा भेद करीत नाही. त्यामुळे ते सर्वत्र वापरता येत नाही.

मोबदला देऊन मासेमारी करविणे, हा दुसरा उपाय. मागणी वाढावी म्हणून २०२२ मध्ये या माशांना 'कोपी' हे नवे नाव देण्यात आले. जोलिएटजवळच्या जलपाशात वीज, ध्वनी आणि बुडबुड्यांचा पडदा असे एकत्रित अडथळे उभारण्याबाबत २०२४ मध्ये करार झाला. या सर्व उपायांनी प्रसार रोखता येतो. नदी पूर्ववत होत नाही.

भारतातही १९७१ मध्ये हिमाचल प्रदेशातील गोविंदसागर जलाशयात चंदेरा अपघाताने शिरला आणि पुढे तेथील कटला मागे पडला. तळ्याच्या सांडव्यावर बारीक जाळी बसविणे आणि पूररेषेत तळी न खोदणे, हे उपाय म्हणूनच सर्वांत स्वस्त ठरतात. मात्र, ते मासा निसटण्यापूर्वी योजावे लागतात.